कलम एकोणीस आणि दोन जावा

३ जानेवारी १९९६

आज दाराला पाटी लागली. 'प्रमोदिनी इनामदार. महिला संचालक मार्गदर्शन वर्ग.' बंगळूरच्या मल्लेश्वरममधल्या आमच्या गल्लीत एक दंतवैद्य, एक वीणा शिकवणाऱ्या बाई आणि पत्रिका बघणारे भीमाचार्य अशा तीन पाट्या होत्या, माझी चौथी. भीमाचार्य बराच वेळ उभे राहून वाचत होते. शेवटी विचारलं, "संचालक म्हणजे? नाटकाचं?" मी सांगितलं की कंपनी चालवायला एक मंडळ असतं, त्यात बसतात ते संचालक, आणि तिथे बायका बसल्या तरी पृथ्वी फिरायची थांबत नाही. "सरी, सरी," असं कानडीत बरं-बरं म्हणत गेले. पटलेलं दिसलं नाही.

सरकारी कंपनीच्या सेक्रेटरी खात्यात माझी सगळी नोकरी गेली. बोर्डाची बैठक असली की मी कोपऱ्यात बसून मिनिट्स लिहायची. टेबलाभोवती सगळे पुरुष, आणि जेवणानंतरच्या बैठकीत त्यातले निम्मे पेंगत असायचे. पेंगायला का होईना, एखाद्या बाईला तिथे खुर्ची मिळावी असं तेव्हापासून मनात होतं. स्वेच्छानिवृत्तीची योजना आली आणि मी पहिल्याच दिवशी अर्ज दिला.

हे म्हणाले, "पाटी झकास आहे. आता विद्यार्थिनी आण." बँकेतून निवृत्त झाल्यापासून यांचं जग म्हणजे गच्चीवरच्या कुंड्या आणि वर्तमानपत्रातली शब्दकोडी. त्यामुळे कुठल्याही उद्योगाची यांना गंमतच वाटते.

११ जानेवारी

दोन चौकश्या आल्या. एकीला टायपिंग शिकायचं होतं. दुसरीने विचारलं, कोर्स संपल्यावर संचालकाची नोकरी तुम्ही लावून देता का. दोघींना चहा पाजून वाटेला लावलं. संध्याकाळी पाटी पुसली. धूळ बसली नव्हती, तरी पुसली.

१६ जानेवारी

विद्यार्थिनी मिळाल्या! एक सोडून दोन.

सकाळी हणमंतराव रणनवरे आले. रणनवरे स्केल्सचे धाकटे मालक. चिकपेटेत दुकान, पिन्याच्या औद्योगिक वसाहतीत वजनकाट्यांची फॅक्टरी, चार पिढ्या बंगळूरमध्ये. संक्रांतीचं एळ्ळु-बेल्ल, म्हणजे इकडचा तिळगूळ, घेऊन आले होते. अत्यंत साधा, गरीब स्वभावाचा माणूस. बोलताना पायातल्या चपलांकडे बघतो.

त्यांची अडचण अशी. कंपनीच्या मंडळावर चार संचालक. थोरले भाऊ कृष्णाजी हे अध्यक्ष, दुसरे हे स्वतः, आणि दोघांच्या बायका. बायका फक्त कागदावर. आता डेन्मार्कची एक कंपनी भागीदारीला यायची आहे, आणि त्यांचे लोक म्हणे प्रत्येक संचालकाशी बोलणार. तेव्हा बायकांना तयार करा.

"म्हणजे काय काय बोलायचं ते पढवू?" मी विचारलं.

"पढवू नका मॅडम. शिकवा. बैठकीत नाही म्हणायचं असलं तर कसं म्हणतात, तेसुद्धा." मग घाईघाईने म्हणाले, "डेन्मार्कवाल्यांना तसं आवडतं, असं ऐकलंय."

जाताना आणखी एक विचारलं. एखाद्या संचालकाने विरोध केला, तर त्याचा दोष ठराव मांडणाऱ्याला लागतो का? मी म्हटलं, छे, ज्याचं त्याचं मत ज्याच्या त्याच्या नावावर. त्यांचा चेहरा खुलला. बिचाऱ्याला बोर्डाची साधी बाराखडी ठाऊक नाही.

२० जानेवारी

पहिला वर्ग. जे. पी. नगरहून कंपनीच्या व्हॅनमधून दोघी जावा आल्या. थोरली ठकुबाई, धाकटी शकुंतलाबाई. घर एकच, चुली दोन, देवघर एक.

ठकुबाई आल्या आल्या स्वयंपाकघरात डोकावून आल्या. यांना कट्ट्यापाशी चहा गाळताना पाहून त्या थक्क झाल्या. "शकू, बघ गं, साहेब चहा करतायत," असं त्यांनी बाहेर येऊन जाहीर केलं. मी मुद्द्यावर आणलं.

"संचालक म्हणून तुम्ही आजवर काय करता?"

"सही. पेन्सिलीनं फुली मारून देतात, तिथं."

"आणि कागद वाचता?"

"स्वल्प वाचतो की. वर गणपतीचं नाव आहे की नाही तेवढं."

शकुंतलाबाई तासभर क्रोशाची सुई चालवत होत्या. प्रश्न विचारला की जावेकडे बघतात आणि हसतात. अजेंडा म्हणजे काय, कोरम म्हणजे काय, सगळं सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. ठकुबाई निदान वाद तरी घालतात.

रात्री यांना म्हटलं, धाकटीचं काही खरं नाही. हे म्हणाले, "निघताना तिने मला विचारलं, तुमच्या बाई चहात साखर नको म्हणाल्या, तरी तुम्ही अर्धा चमचा घातलात, ते का." आता याचा बोर्डाशी काय संबंध?

२५ जानेवारी

आज भलतंच खोळंबलं. बैठकीत ठराव मांडणाऱ्याचं आणि विरोध करणाऱ्याचं पूर्ण नाव, स्पष्ट आवाजात घ्यायचं, हा माझा नियम. मी म्हटलं, "ठकुबाई, समजा तुमच्या यजमानांनी ठराव मांडला. कोणी मांडला, सांगा."

"आमच्या ह्यांनी."

"नाव?"

"अय्या!" म्हणून त्यांनी पदर तोंडाला लावला. नवऱ्याचं नाव लग्नात एकदा, आणि मग हळदीकुंकवाला, तेही उखाण्यात. मी म्हटलं, बरं, तसं तर तसं. त्यांनी घसा साफ केला.

"एका पारड्यात गूळ, दुसऱ्या पारड्यात वजन,
कृष्णाजीरावांचं नाव घेते, ऐका सारे जण."

उखाणा चांगला होता, पण डेन्मार्कच्या माणसांसमोर हे चालायचं नाही. मी दोघींना चांगलं अर्धा तास झापलं. म्हटलं, विसावं शतक संपत आलं, आणि तुमच्या जिभेला अजून नवऱ्याच्या नावाचं ओझं होतं! ज्याचं नाव तुम्ही घेऊ शकत नाही, त्याच्या ठरावाला विरोध कसा करणार? दोघी मान खाली घालून ऐकत होत्या. हे दाराशी कपबशा घेऊन उभे होते आणि उगीचच हसत होते. मी म्हटलं, "अहो, तुम्ही आत जा बघू."

१ फेब्रुवारी

हणमंतरावांचा फोन. कंपनीच्या नियमावलीतलं कलम एकोणीस दोघींना नीट शिकवा म्हणाले. त्यांच्या वडिलांनी, आप्पाजींनी, कंपनी काढतानाच ते घातलं होतं. ज्या संचालकाच्या मुलाचा किंवा मुलीचा प्रश्न असेल, त्याने आणि त्याच्या जोडीदाराने बैठकीतून उठून जावं, मत देऊ नये. आप्पाजी शहाणा माणूस. मोठमोठ्या कंपन्यांत हितसंबंधांचा हा नियम लोक विसरतात.

मग म्हणाले, "मॅडम, ज्यानं ठराव मांडला, त्यानंच अध्यक्षाच्या खुर्चीत बसणं बरं दिसतं का?"

"तसा नियम नाही. पण शिष्टाचार म्हणून बसू नये."

"शिष्टाचार. वा! हे पण सांगून ठेवा त्यांना. आणि समसमान मतं पडली तर अध्यक्षाचं एक मत जादा धरतात, ते सांगितलंत ना?"

सांगितलं म्हटलं. माणूस मंद आहे, पण शिकायची हौस दांडगी. यांना सांगितलं तर कोड्यातून मान वर करून म्हणाले, "मंद? तो तर बुद्धिबळाचा खेळाडू दिसतो." यांचं आणि माझं माणसांविषयी कधीच जमत नाही.

६ फेब्रुवारी

कलम एकोणीस शिकवायला तासभर लागेल असं धरून बसले होते. एका वाक्यात संपलं.

"हे तर आमच्या घरात आधीपासून आहे," ठकुबाई म्हणाल्या.

रणनवऱ्यांकडे म्हणे सासूच्या काळापासून कायदा आहे. आपल्या पोराच्या भांडणात आपण पडायचं नाही, ते जावेनं सोडवायचं. ठकुबाईंचा अजिंक्य आणि शकुंतलाबाईंची प्रणिता लहानपणी एका तीनचाकी सायकलवरून रोज मारामारी करायची. अजिंक्यचा न्याय शकुंतलाबाई करायच्या आणि प्रणिताचा ठकुबाई. आई तेवढ्यात खोलीबाहेर.

"बाहेर उभं राहून जीव नुसता कासावीस व्हायचा हो," ठकुबाई म्हणाल्या. "पण आत शकू आहे म्हटल्यावर माझ्या पोराला उगीच मार बसायचा नाही."

शकुंतलाबाईंनी सुई थांबवली. तीन आठवड्यांत पहिलं आपणहून वाक्य: "आणि अक्कांनी पन्नीला उगीच सोडलंही नाही."

माझ्या शिकवण्याचा परिणाम दिसायला लागला आहे.

१४ फेब्रुवारी

नऊ मार्चच्या बैठकीचा अजेंडा हणमंतरावांनी पाठवला. मिनिट्स लिहायला मलाच बोलावलं आहे. चौथा विषय वाचला आणि हातातला चहा तसाच राहिला.

'मॅनेजिंग डायरेक्टरची नेमणूक.' कृष्णाजी सत्तरीला आले, आता कंपनी पुढच्या पिढीकडे द्यायची. नाव अजिंक्यचं, आणि ते मांडणार खुद्द हणमंतराव. आप्पाजी गेले तेव्हा थोरल्या भावाला त्यांनी शब्द दिला होता म्हणे.

पण फॅक्टरी चालवते ती प्रणिता! इंजिनियर होऊन ती पिन्यात जाऊन बसली, इलेक्ट्रॉनिक काटा तिनेच उभा केला. तो नसता तर लोखंडी तराजू विकत बसले असते. अजिंक्यला तिने पाण्याच्या टाकीपासून गोदामापर्यंत सगळं दाखवायचा प्रयत्न केला, तो अर्ध्यातून सटकला. हे सगळं ठकुबाईंनीच मला सांगितलेलं. प्रणिताला आता व्हाइटफील्डच्या बाजूच्या एका कंपनीने बोलावलं आहे. अजिंक्य वर बसला तर ती पाडव्याला तिकडे जाणार. ती गेली की रणनवरे स्केल्सचा काटा शून्यावर.

आणि सख्खा बाप तिच्याविरुद्ध ठराव मांडणार! मला हणमंतरावांचा असा राग आला. यांना म्हटलं, असा कसा हा माणूस? हे म्हणाले, "थोरल्या भावाला तोंडावर नाही म्हणणं त्याच्याच्याने होणार नाही. आणि तो तरी कुठे म्हणणार आहे?" बरं मग? म्हटलं, तर हे पाणी घालायला गच्चीवर गेले.

२२ फेब्रुवारी

शकुंतलाबाई आल्या नाहीत. ठकुबाई एकट्याच, आणि आज वाद नाही, चेष्टा नाही. वर्ग संपल्यावरही बसून राहिल्या.

"बाई, आपल्याच पोराचं नाव पुढं आलंय, आणि आपण उठून बाहेर गेलो. तर पोर काय म्हणेल?"

मी सांगितलं की हितसंबंधी संचालकाने बाहेर जाणं हे निष्पक्षपातीपणाचं लक्षण आहे. उत्तर अचूक होतं. त्या हं म्हणाल्या, आणि पदराच्या टोकाची गाठ बांधत, सोडत राहिल्या. मग निघून गेल्या.

झोप येत नाही म्हणून लिहिते आहे. मला भीती वाटते आहे. या दोघी बैठकीत मूग गिळून बसल्या, फुलीवर सही करून उठल्या, तर माझ्या पाटीचा उपयोग काय? भीमाचार्यांना काय तोंड दाखवू? आणि त्या मुलीचं काय?

२८ फेब्रुवारी

डेन्मार्कवाल्यांचं येणं पुन्हा पुढे गेलं. ही तिसरी वेळ. तिकडे फार थंडी आहे, असं हणमंतराव म्हणाले. यांनी विचारलं, "तू त्यांचं एक तरी पत्र पाहिलंस का?" मी कशाला दुसऱ्यांची पत्रं बघू?

४ मार्च

शकुंतलाबाई एकट्या आल्या. क्रोशा आणला नव्हता. खुर्चीत न बसता ओट्यापाशी उभ्या राहिल्या आणि बोलायला लागल्या.

"अजूला मी विचारलं, बाई. त्याचा न्याय माझ्याकडं असतो ना. म्हटलं, राजा, तुला पाहिजे का ती खुर्ची? तर गळ्यात पडला. म्हणाला, काकू, मला काट्यांचा वीट आलाय. मला मित्राबरोबर कॉम्प्युटरचं दुकान काढायचंय. पण बाबांना सांगायचं कुणी? खरंय त्याचं, घरात अण्णांपुढं, थोरल्या भाऊजींपुढं, मान वर करून कुणी बोलत नाही. मी तर आल्यापासून त्यांच्याशी दाराआडून बोलते."

"मग तुम्ही विरोध करणार?"

"ठराव आमचे हे मांडणार. चारचौघांत नवऱ्याला नाही म्हणायचं. लोक म्हणतील, पोरीसाठी पुतण्याचं ताट ओढलं. अक्का काय म्हणतील?" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "पन्नीसाठी मी बोलायचंच नाहीये. तिचा न्याय अक्कांकडं. मला फक्त अजूपुरतं खरं बोलायचंय. तेवढं जमलं पाहिजे."

मी म्हटलं, पूर्ण नाव, स्पष्ट आवाज. यांनी चहा आणून ठेवला, आणि माझ्या कपात अर्धा चमचा साखर होती, ती आज मला कळली.

९ मार्च

झालं! सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर यातलं काहीतरी सुटेल.

बैठक पिन्याच्या ऑफिसात, सकाळी अकराला. आज आपल्या शहरात भारत-पाकिस्तान मॅच, त्यामुळे कृष्णाजींनी आधीच बजावलं होतं की जेवायच्या आत आटपा. माणूस उंच, डोक्यावर काळी टोपी, पाठ ताठ. समोर पेपरवेट म्हणून पितळेचं जुनं शेराचं वजन. मागच्या भिंतीवर आप्पाजींचा हार घातलेला फोटो. अजिंक्य मॅचचं तिकीट खिशात घालून खाली फाटकापाशी घुटमळत होता. प्रणिता कारखान्यात, जणू तिचा काही संबंधच नाही.

पहिले तीन विषय चहाबरोबर संपले. चौथा पुकारला. हणमंतराव उभे राहिले आणि पाठ केल्यासारखं एका दमात म्हणाले, "अण्णांना दिलेल्या शब्दाप्रमाणे मी चिरंजीव अजिंक्य याचं नाव सुचवतो." आणि लगेच खाली बसून चष्मा पुसायला लागले.

"ठीक," कृष्णाजी म्हणाले. "सगळ्यांची संमती आहे. सह्या—"

"स्वल्प थांबा," ठकुबाई उठल्या. मला वाटलं पाणी प्यायला उठल्या. "अजू माझा मुलगा. कलम एकोणीस. मी बाहेर जाते. आणि ह्यांनी पण यायचं."

"माझ्या कंपनीतून मी बाहेर?"

मी नियमावली उघडून पुढे ठेवली. खाली आप्पाजींची सही. कृष्णाजींनी ती पाहिली, फोटोकडे पाहिलं, टोपी सारखी केली आणि बायकोमागून व्हरांड्यात गेले. दार मात्र उघडंच राहिलं.

आत उरलो तिघं, त्यातली मी फक्त लिहिणारी. अध्यक्षाची खुर्ची रिकामी. मी हणमंतरावांना खूण केली की बसा. तर हा भोळा माणूस म्हणतो कसा, "मी ठराव मांडलाय मॅडम. शिष्टाचाराला धरून होणार नाही." आणि त्याने खुर्ची बायकोसाठी मागे ओढली!

शकुंतलाबाई बसल्या. टेबलाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

"ठरावाच्या बाजूनं?" त्यांनी विचारलं.

हणमंतरावांनी हात वर केला. व्हरांड्यातून दिसेल इतका वर.

"विरोधात," त्या म्हणाल्या. आवाज चिरका आला. मग पुन्हा म्हणाल्या, या वेळी स्पष्ट: "लिहा बाई. ठराव मांडणार हणमंतराव रणनवरे. विरोध शकुंतला रणनवरे. अजू चांगला मुलगा आहे. पण त्याला ही खुर्ची नकोय आणि ही खुर्ची त्याला पेलायची नाही. नको असलेलं ओझं मुलाच्या डोक्यावर ठेवायला माझं मन घेत नाही. मतं एकास एक. अध्यक्षाचं जादा मत, विरोधात. ठराव पडला."

हणमंतराव बायकोकडे बघत होते, तोंड अर्धवट उघडं, डोळे भरलेले. मोठाच धक्का बसला असणार. मग ते दाराशी जाऊन म्हणाले, "अण्णा, मी मत दिलं हं. पण पडला ठराव."

"पाहिलं मी," कृष्णाजी म्हणाले. "तू शब्दाचा पक्का आहेस." धाकट्याची मला खरंच कीव आली.

आत येताना ठकुबाई जावेजवळ थांबल्या. मला वाटलं आता ठिणगी पडते. त्यांनी शकुंतलाबाईंच्या कपाळावर आलेली बट मागे सारली, एवढंच. मग खुर्चीत बसून म्हणाल्या, "आता मी सुचवते. प्रणिता. शकू, तुम्ही दोघं बाहेर."

ते दोघं गेले. दार पुन्हा उघडंच. कृष्णाजी अध्यक्षाच्या जागी, हातात शेराचं वजन, फिरवताहेत. सगळं त्यांच्या हातात होतं. ठकुबाईंचं एक मत बाजूने. कृष्णाजींनी नाही म्हटलं की जादा मताने मुलीचं नाव कायमचं खाली. खालून फाटकाबाहेर रिक्षावाले ओरडत होते, मॅचला चला म्हणून.

"बाईमाणूस," कृष्णाजी पुटपुटले. "पिन्याचे लोक काय म्हणतील..."

"कृष्णाजी," ठकुबाई म्हणाल्या. "मत द्या."

उखाणा नाही, राव नाही. शाळेत हजेरी घेतात तसं.

त्यांनी चक्क मागे वळून पाहिलं, कोण आलंय म्हणून. मागे आप्पाजींचा फोटो. घरात त्यांना नावाने हाक मारणारं आता कोणीच उरलेलं नाही. सगळ्यांचे ते अण्णा, नाहीतर मालक. ते फोटोकडे तोंड करूनच बसले. वळले तेव्हा टोपी हातात होती.

"होय लिहा," मला म्हणाले. मग बायकोला, अगदी हळू, "पुन्हा म्हण."

"बैठक संपल्यावर," ठकुबाई म्हणाल्या.

मी हे दोन्ही मिनिट्समध्ये लिहिलेलं नाही. इथे लिहिते.

प्रणिताला बोलावलं तर ती हाताला ग्रीस लागलेलीच आली आणि आईच्या आधी काकूच्या गळ्यात पडली. अजिंक्यने खालूनच विचारलं, "पडलो का?" हो म्हटल्यावर असा ओरडला की रखवालदाराला वाटलं मॅच सुरू झाली. पळत गेला.

घरी येऊन यांना सगळं सांगितलं, उभ्या उभ्या. हे टीव्ही बंद करून ऐकत होते. मॅच चालू असताना!

१० मार्च

काल भारत जिंकला, गल्लीत फटाके. मी माझे समजून ऐकले.

शांतपणे विचार केला तर हणमंतरावांनी नवशिक्याची चूक केली. खुर्चीत ते स्वतः बसते तर जादा मत त्यांचं असतं आणि ठराव पास झाला असता. मीच त्यांना शिष्टाचार शिकवला होता, म्हणून थोडं वाईट वाटतं. पुढेमागे पुरुषांसाठीही वर्ग काढायला हवा. हे ऐकून यांना इतका ठसका लागला की पाठीवर थापट्या माराव्या लागल्या.

१९ मार्च

उद्या पाडवा. दोघी जावा आणि हणमंतराव घरी येऊन गेले. सोबत आणखी तिघींची नावं आणली, चिकपेटेतल्या कापडवाल्यांच्या सुना आणि पिन्यातल्या एका स्प्रिंग कारखान्याची मालकीण. सगळ्या कागदावरच्या संचालक. सोमवारपासून वर्ग! मी हणमंतरावांना विचारलं, डेन्मार्कवाले कधी येतायत? "कोण?" म्हणाले. मग, "हां, ते! येतील की." आणि यांच्याकडे बघून दोघेही का हसले कोण जाणे.

मग ठकुबाईंनी उद्याच्या जेवणाचं आमंत्रण दिलं. "बाई, तुम्ही आणि साहेब, दोघांनी यायचं. प्रणितानं पानांवर नावं लिहून ठेवायचं ठरवलंय. साहेबांचं नाव काय?"

"हे ना," मी म्हटलं. "हे बँकेत होते."

"नाव, नाव."

"आमच्या यांचं..." मी स्वयंपाकघराकडे बघितलं. हे दारात, हातात गाळणं.

दोघी जावांनी एकमेकींकडे पाहिलं. आणि ती शकुंतलाबाई, महिनाभर माझ्या वर्गात तोंड न उघडलेली, म्हणाली, "नियम काय आहे बाई? पूर्ण नाव. स्पष्ट आवाज."

मी लाल झाले असणार. बोलता आलंच नाही. सगळे पोट धरून हसले, हे सर्वांत जास्त. शेवटी यांनी स्वतःच नाव सांगून माझी सुटका केली.

ते गेल्यावर ही वही पहिल्या पानापासून वाचली. पानापानावर 'हे', 'यांना', 'यांचं'. दोघींना अर्धा तास झापलं, त्या दिवशीच्या पानावरसुद्धा. चहा यांनी केला, पाटीला खिळा यांनी मारला, रोज माझं सगळं यांनी ऐकून घेतलं, आणि एकदाही नाव नाही.

विद्याधर.

विद्याधर इनामदार. लिहायला काही जड नाही. उद्या सकाळी हाक मारून बघते.

२० मार्च

मारली. जिन्याच्या तोंडाशी उभी राहून, पूर्ण नाव, स्पष्ट आवाजात. गच्चीवर कुंड्यांना पाणी घालत होते. पहिल्या हाकेला त्यांनी मागे वळून कठड्याखाली रस्त्यावर पाहिलं, कोण आलंय म्हणून. म्हणून दुसऱ्यांदा मारली.

झारी खाली ठेवून म्हणाले, "हजर."